ताशी ऐंशीला येणारी थरथर

माझी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी २१ वर्षांची आहे. तिचा पुढचा ॲक्सल अखंड आहे, म्हणजे डावे आणि उजवे चाक एकाच जाड आडव्या नळीच्या दोन टोकांना बसवलेले असून त्या नळीवर कॉइल स्प्रिंग उभ्या आहेत. पुढच्या दोन्ही हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागांवर, हाताने फिरवायचे लॉक आहेत. ते सोडलेले असले की पुढची चाके नुसती घरंगळतात आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर ॲक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा, जागच्या जागी स्थिर राहतो. हा तपशील सुरुवातीलाच देतो, कारण थरथरीचा शोध याच रचनेभोवती फिरला आणि याच रचनेमुळे तो पुरा होऊ शकला.

थरथर एका दिवसात आली नव्हती. साधारण वर्षभरापूर्वी ताशी ७५ ते ९० किलोमीटरच्या दरम्यान स्टिअरिंगला हलकी झिणझिण जाणवू लागली. ९५ च्या पुढे गेले की ती मावळत असे, त्यामुळे टायर जुने झाले असावेत असे समजून मी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे ती मनगटापर्यंत पोचू लागली, तेव्हा मी स्टिअरिंग डॅम्पर बदलून टाकला. थरथर निम्म्यावर आली आणि दुखणे सापडले असे मी मानले. प्रत्यक्षात डॅम्पर हा हादरे गिळणारा भाग आहे. हादरे तो निर्माण करत नाही. नव्या डॅम्परमुळे हाताला कमी जाणवू लागले, पण ज्या सांध्यात ढिलाई होती तो सांधा पुढचे सहा महिने आतल्या आत झिजत राहिला. अखेर एका पुलाच्या जोडावर ताशी ७० च्या वेगात डावे चाक आपटले आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना इतक्या जोराने हिसके देऊ लागले की गाडीचे पुढचे तोंडच हलत असल्यासारखे वाटले. मी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडून दिला, आणि वेग ४० च्या खाली आल्यावरच ते थांबले. शेजारी माझी मुलगी बसली होती. त्या संध्याकाळी मी ठरवले की थरथर कुठून येते हे नेमके सांगता येईपर्यंत एकही नवा भाग विकत घ्यायचा नाही, आणि एका वेळी एकाहून अधिक बदल करायचा नाही.

पहिली पायरी गाडी उचलण्याची नव्हती, निरीक्षणाची होती. पहाटेच्या रिकाम्या, सरळ आणि गुळगुळीत रस्त्यावर मी गाडी चालवत होतो आणि मुलगी वहीत नोंदी करत होती. ताशी ८० ला थरथर आल्यावर मी गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन मात्र चालूच ठेवले, कारण ते बंद केले की पॉवर स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत जाते. इंजिनचे फेरे एकदम उतरले तरी थरथर तशीच राहिली, म्हणजे इंजिन, क्लच आणि इंजिनची माउंटिंग यांच्यावरचा संशय एका मिनिटात फिटला. मग हलकासा ब्रेक दाबला; पॅडलला धडधड आली नाही आणि स्टिअरिंगचे हलणेही वाढले नाही, तेव्हा ब्रेकच्या चकत्याही बाजूला पडल्या. त्यानंतर थांबून दोन्ही हब लॉक केले, पण ट्रान्सफर केसचा (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा) दांडा मागच्या दोन चाकांवरच ठेवला. असे केल्याने पुढचा डिफरन्शियल (ॲक्सलमधला, दोन चाकांत जोर वाटणारा गिअरांचा संच) आणि पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरू लागतात, पण त्यांच्यावर जोर येत नाही आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर गिअर एकमेकांत ताणले जाण्याची भीती राहत नाही. थरथरीत काडीचाही फरक पडला नाही. पुढचा शाफ्ट स्थिर असतानाही आणि फिरत असतानाही ती सारखीच राहत असेल, तर तिचा उगम त्या शाफ्टमध्ये किंवा त्याच्या क्रॉसमध्ये, म्हणजे टोकाच्या वळत्या सांध्यात, असू शकत नाही. पैशाची एकही गोष्ट न बदलता हाताशी आलेले हे निष्कर्ष मला आजही या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटतात.

आकड्यांनीही हेच सांगितले. माझे टायर २३५/७५ आर १५ मापाचे आहेत. त्यांचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर आणि परीघ सुमारे २.३ मीटर येतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाबावीस मीटर. म्हणजेच चाक सेकंदाला साधारण साडेनऊ ते दहा फेरे घेते. माझ्या गाडीचे ॲक्सलचे गुणोत्तर ४.१ (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ४.१ फेरे) असल्यामुळे त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे ४० फेरे घेतो, आणि त्याचा क्रॉस झिजला असेल तर दर फेऱ्यामागे दोन हिसके देतो. सेकंदाला ४० किंवा ८० हादरे हाताला वेगवेगळे कळत नाहीत. ते सीटमध्ये आणि पायाखालच्या पत्र्यात गुणगुणण्यासारखे जाणवतात. स्टिअरिंग डोळ्यांना दिसेल असे डावी-उजवीकडे हलत असेल तर ते काम चाकाच्या फेऱ्याचे. फोनमधल्या कंपन मोजणाऱ्या ॲपने खात्री करून घ्यावी म्हणून फोन स्टिअरिंग कॉलमला घट्ट बांधला. ८० च्या वेगाला आलेखाचे शिखर सेकंदाला ९.७ हादऱ्यांवर उभे होते.

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. चाकाचा तोल बिघडलेला असेल तर त्याचा ओढा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. मग ९५ ला थरथर कमी का व्हावी? याचे उत्तर असे की ॲक्सल, स्प्रिंग आणि स्टिअरिंगचे दांडे या सगळ्यांची मिळून स्वतःची एक हलण्याची लय असते, आणि चाकाचा फेरा त्या लयीशी जुळला की छोटासा धक्काही मोठा होऊन हाताशी येतो. झोका योग्य क्षणी ढकलला की तो उंच जातो, तसेच हे आहे. म्हणजे मला दोन गोष्टी शोधायच्या होत्या: ढकलणारे कोण, आणि एवढे हलू देणारे कोण. मोकळेपणाने सांगायचे तर गाडीच्या थरथरीबद्दल मी आजवर जे ऐकले होते त्यात पहिल्या प्रश्नाचीच चर्चा असायची आणि दुसरा बहुतेक वेळा कोणी विचारतच नसे.

ढकलणाऱ्याचा माग मुलीच्या नोंदींतून लागला. ती मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसली होती आणि मध्येच म्हणाली, "बाबा, ही सारखी नाहीये. आत्ता वाढली होती, आता जवळजवळ गेली." मी वेग स्थिर ठेवला आणि तिने वेळ लावली. थरथर दर सुमारे १९ सेकंदांनी एकदा भरून येत होती आणि मधल्या वेळात ओसरत होती. एखादे वळण घेतले की हे चक्र नव्याने, भलत्याच ठिकाणाहून सुरू होत होते. मी इतके महिने गाडी चालवूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. याचा अर्थ एकच होता. पुढच्या दोन्ही चाकांत दोष आहे आणि त्यांचे परीघ किंचित वेगळे आहेत. दोन्हींचे जड बिंदू विरुद्ध दिशांना आले की एक चाक पुढे ओढते तेव्हा दुसरे मागे ओढते आणि स्टिअरिंग हलते. ते एकाच दिशेला आले की अख्खा ॲक्सल एकदम पुढे-मागे ढकलला जातो आणि स्टिअरिंगला फारसे काही कळत नाही. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, त्यामुळे दोघांची जुळणी बदलते. घरी येऊन ट्रेडची, म्हणजे टायरवरच्या नक्षीच्या खाचांची, खोली मोजली. पंक्चरनंतर एकच टायर बदलला गेल्यामुळे उजव्याची ८ आणि डाव्याची ६ मिलिमीटर भरली. खोलीतल्या २ मिलिमीटरच्या फरकाने परिघात साडेबारा मिलिमीटरचा फरक पडतो, आणि दहा फेऱ्यांच्या हिशेबाने तो बरोबर १९ सेकंदांच्या आसपासचे चक्र देतो. हा हिशेब जुळला तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

आता गाडी उचलायची होती. मागच्या चाकांना उटी लावल्या, पुढचा ॲक्सल जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवला, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही हा नियम पाळला. आधी बेअरिंग तपासणे आवश्यक होते, कारण बेअरिंग सैल असेल तर पुढची सगळी मापे खोटी येतात. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवले तेव्हा डाव्या चाकाला बारीकसा टकटक प्ले, म्हणजे ढिलाई, जाणवला. हा प्ले बेअरिंगचा की किंग पिनचा (चाक ज्या खुंटीभोवती वळते तिचा), हे ओळखण्याची सोपी रीत आहे: दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवून पाहायचे. ब्रेक दाबल्यावर हब आणि त्यामागचा नकल (चाकाबरोबर वळणारा, हब धरणारा भाग) एकमेकांना घट्ट धरले जातात, त्यामुळे प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिनचा किंवा बॉल जॉइंटचा. माझा प्ले नाहीसा झाला. हब उघडून टेपर बेअरिंग धुऊन पाहिले. रोलरांवर खड्डे किंवा निळसर डाग नव्हते. नवे ग्रीस भरले, चाक फिरवत फिरवत नट आवळून बेअरिंग जागेवर बसवले, मग नट सैल करून गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला पुन्हा आवळला आणि लॉक नट लावला.

त्यानंतर चाकांची गोलाई. डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे माप) टायरवर लावायची सोय माझ्याकडे नव्हती, म्हणून एका स्टँडला टोकदार तार बांधली, ती ट्रेडच्या मधोमध जेमतेम टेकेल अशी ठेवली आणि चाक हाताने सावकाश फिरवले. उजव्या चाकाचा वरखाली फरक एक मिलिमीटरच्या आत होता. डावे चाक मात्र एका जागी येताच तारेला ढकलून देत होते; फीलर गेजची ठरावीक जाडीची पाने घालून मोजले तर उंचवटा ३ मिलिमीटर भरला, आणि दीड मिलिमीटरच्या आत असेल तरच मी ते चालवून घेतले असते. रिमची कड वेगळी मोजली तेव्हा ती अर्ध्या मिलिमीटरच्या आत फिरत होती, म्हणजे रिम सरळ होती आणि टायरच बेढब झाला होता. टायरच्या भिंतीवरच्या चार अंकी खुणेतले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात; त्यावरून तो ११ वर्षांचा निघाला. अशा टायरला बॅलन्सिंगचे यंत्र शून्य दाखवू शकते, कारण ते यंत्र वजनाचा तोल पाहते. टायर रस्त्यावर टेकल्यावर दर फेऱ्याला त्या उंचवट्याने ॲक्सल उचलला जातो, हे त्या यंत्राच्या लक्षात येत नाही.

चाक काढल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. हबच्या तोंडावर गंजाचा कागदाएवढा जाड पापुद्रा धरला होता आणि त्यात रिमच्या मागच्या बाजूची खूण अर्ध्याच वर्तुळात उमटली होती. म्हणजे रिम पूर्ण तोंडावर बसतच नव्हती. तो पापुद्रा तारेच्या ब्रशने हब चकाकेपर्यंत घासून काढला. दुसरी गोष्ट उजव्या रिमच्या आतल्या खोबणीत होती. कुठल्याशा चिखलातल्या वाटेवरचा गाळ तिथे विटेसारखा वाळून बसला होता, आणि त्याचा तळहाताएवढा तुकडा नुकताच निखळून पडल्याची ताजी, फिकट जागा दिसत होती. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या मालकांनी चाकांचा तोल करून घेण्याआधी रिम आतून धुऊन घ्यावी, असे मी आता आग्रहाने सांगतो. गाळासकट केलेला तोल गाळ पडला की नाहीसा होतो. सगळे साफ करून यंत्रावर लावले तेव्हा उजव्या चाकाने ६० ग्रॅम मागितले. ६० ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण ८० च्या वेगाला १५ इंची रिमच्या कडेवर ते सव्वाचार किलोच्या आसपासचा ओढा होतात, तोही सेकंदाला दहा वेळा आणि दर वेळी वेगळ्या दिशेने.

मागचे दोन टायर एकाच वयाचे आणि सारख्या झिजेचे होते. ते पुढे आणले, बेढब टायर मागे नेला, नट एकाआड एक ताऱ्याच्या आकारात टॉर्क पान्याने आवळले आणि त्याच रस्त्यावर गेलो. थरथर तीन चतुर्थांश कमी झाली होती आणि १९ सेकंदांचे चक्र पूर्ण थांबले होते. इथे थांबण्याचा मोह मोठा होता. पण पुलाच्या त्याच जोडावरून ताशी ५० ने, सावधपणे, गाडी नेली तेव्हा आपटल्यानंतर स्टिअरिंग अजूनही तीन-चार वेळा इकडून तिकडे हलून मग शांत होत होते. ढकलणारे सापडले होते. हलू देणारे अजून जागेवर होते.

सांधे मी याआधीही तपासले होते आणि एका अनुभवी मेकॅनिकनेही पाहिले होते, पण दोन्ही वेळा गाडी जॅकवर उचलून. चाके लोंबकळत असताना सांध्यांवर भारच नसतो, मग ढिलाई दिसणार कुठून? या वेळी गाडी चारही चाकांवर उभी ठेवली, हँडब्रेक ओढला, इंजिन सुरू केले आणि मुलीला स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सतत हलवायला सांगितले. मी चाकांपासून दूर, समोरून गाडीखाली आडवा झालो आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेलो. टाय रॉडचे (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) दोन्ही एंड शांत होते. स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, ड्रॅग लिंकचाही हाताला काही सांगावा नव्हता. स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर घट्ट होता. मग हात पॅनहार्ड रॉडच्या ॲक्सलकडच्या टोकावर गेला आणि प्रत्येक हेलकाव्याला तिथे एक बारीक, कोरडी टिचकी बोटांना लागली.

पॅनहार्ड रॉड हा कॉइल स्प्रिंगवरच्या अखंड ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा. त्याचे एक टोक चॅसीला आणि दुसरे ॲक्सलला असते. ड्रॅग लिंक त्याला जवळजवळ समांतर धावते. आता पॅनहार्डच्या टोकाला ढिलाई असेल तर ॲक्सल बाजूला सरकतो, पण ड्रॅग लिंक स्टिअरिंग बॉक्सला बांधलेली असल्यामुळे आपल्या जागी राहते. परिणामी कोणी स्टिअरिंग न फिरवताही चाके वळतात. वळलेली चाके ॲक्सलला परत उलट्या बाजूला ढकलतात आणि हेलकावा स्वतःच स्वतःला पोसत राहतो. पुलावरच्या त्या हिसक्यांचे कारण हेच होते.

नजरेने खात्री करण्यासाठी पांढऱ्या मार्करने बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर एक सरळ रेघ ओढली. मुलीने स्टिअरिंग हलवताच रेघ तुटली. बोल्टवरचा अर्धा भाग इकडे आणि ब्रॅकेटवरचा तिकडे, मध्ये दोन मिलिमीटरांची फट, आणि उलट हेलकाव्याला दोन्ही भाग पुन्हा एका ओळीत. बोल्टच्या डोक्याभोवती घासून चकाकणारे कडे होते आणि खाली तांबूस गंजाची पूड साचली होती. ही खूण मी पूर्वीही पाहिली असणार, पण जुन्या गाडीखाली गंज असायचाच म्हणून तिच्याकडे कधी थांबून पाहिले नाही. रॉड काढल्यावर बुशचे, म्हणजे टोकात बसवलेल्या रबरी नळीचे, रबर आतल्या नळीपासून सुटलेले दिसले, आणि बोल्टने ब्रॅकेटचे भोक लंबगोल करून टाकले होते. नुसता बुश बदलून हे भागले नसते. ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना नेमक्या मापाच्या भोकाच्या जाड चकत्या वेल्ड करून घेतल्या, दोन्ही टोकांचे बुश आणि बोल्ट नवे घातले. बोल्ट शेवटचे आवळले ते मात्र गाडी चाकांवर उभी करून. लोंबकळत्या ॲक्सलवर आवळले तर गाडी खाली येताच बुशचे रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते.

चाकांची अलाइनमेंट (त्यांचे कोन जुळवणे) झाल्यावर एक परीक्षा मी मुद्दाम घेतली. सहा महिन्यांपूर्वी लावलेला तो स्टिअरिंग डॅम्पर काढून ठेवला आणि मुलीला सोबत न घेता गाडी बाहेर काढली. आधी ४०, मग ५०, मग ६० असे चढत्या वेगाने पुलाचा जोड ओलांडला. शेवटी ७० ला डावे चाक त्याच जागी आपटले. स्टिअरिंगने एक झटका दिला आणि तिथेच संपवले. पुढच्या सरळ पट्ट्यावर वेग ८० वर नेऊन पाच मिनिटे चालवले. कॉलमला बांधलेल्या फोनच्या आलेखात ९.७ च्या जागी रस्त्याच्या खडबडीतून वेगळे काढता येणार नाही एवढाच उंचवटा उरला होता. परत आल्यावर डॅम्पर पुन्हा बसवला, कारण खडकाळ वाटेवर त्याचे स्वतःचे काम असतेच.

बेढब टायर अजून मागच्या डाव्या बाजूला आहे आणि ८५ ला सीटमध्ये त्याची मंद धडधड कळते. चारही चाकांचे परीघ सारखे नसले की फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसवर ताण येतो, म्हणून चारही टायर एकदमच बदलणार आहे आणि तोवर पक्क्या रस्त्यावर हब सोडलेलेच ठेवतो आहे. पांढरी रेघ नव्या बोल्टवरही ओढून ठेवली आहे. दर महिन्याला गाडीखाली वाकून ती अखंड आहे ना, एवढे पाहतो.